गावात धूर, जहाज दूर

म्झे फाकीची, म्हणजे फाकी म्हाताऱ्याची, आरोळी ज्याने ऐकली नाही त्याला ती पटणार नाही, आणि ज्याने जवळून ऐकली त्याला आता काहीच नीट ऐकू येत नाही. मिकोकोनीच्या धक्क्यावर उभं राहून त्याने तोंड उघडलं की खाजणातले खेकडे बिळात शिरत आणि माडांचे कोवळे नारळ गळून पडत. एकदा तर समोरच्या बेटावरची मंडळी बांग झाली असं समजून भरदुपारी दुसऱ्यांदा नमाजाला उभी राहिली होती. तिथले इमाम हे साफ खोटं आहे म्हणत. पण म्हणताना खाली बघत.

या आवाजासाठीच बंदराने त्याला ठेवला होता. डोंगरात दगडाच्या खाणी होत्या, खाणींना सुरुंगाची दारू लागे, आणि ती जहाजाने येई. धक्क्याला लागणाऱ्या जहाजाच्या पोटात ही दारू किती असावी याला एक हद्द घालून दिलेली होती. हद्दीच्या आत असेल तर या, धक्क्याला लागा. वर असेल तर प्रवाळाच्या पलीकडे, बाहेरच्या बोयाला नांगर टाका. मचवे येतील, इथला माल उतरवून आणतील, आणि उरलेलं पोटात घेऊन तुम्ही तिथूनच पुढच्या बंदराला जा. मचवे भरून आत येताना गावाच्या अगदी अंगाला घासून येत. म्हणून जहाजाने लाल बावटा चढवला की गावातला सगळा विस्तव विझवायचा. मिकोकोनीचं बंदर आणि मिकोकोनीचं गाव यांच्यात भिंत नव्हतीच. कुणाच्या स्वयंपाकघरातून हात बाहेर काढला तर तो मचव्याच्या शिडाला लागावा, असा शेजार.

हा सगळा कायदा फाकीने तीन ओळींत बसवला होता आणि गल्लीगल्लीतून तो ओरडत जाई:

"जादा सुरुंग, बाहेर नांगर! लाल बावटा, चुली विझवा! गावात धूर, जहाज दूर!"

तिसऱ्या ओळीचा अर्थ असा, की बावटा वर असताना गावात कुठे धूर दिसलाच, तर मचव्यांचे दोर तोडायचे आणि जहाजाने नांगर उचलून थेट खोल समुद्रात पळायचं, परत न येण्यासाठी. तशी वेळ फाकीच्या कारकिर्दीत कधी आली नव्हती. म्हणजे ती ओळ तो नुसती चालीसाठी म्हणे.

बावट्याच्या दिवसाला गावाने नाव ठेवलं होतं 'फाकीचा रोजा'. लोक खजूर, आदल्या दिवशी तळलेले शिळे मांदाझी आणि शहाळ्याचं पाणी यांवर दिवस काढत. पहिला बळी कॉफीवाला ऊसी. पितळी किटली आणि खाली निखाऱ्याचं पात्र घेऊन कपांची किणकिण करत तो फिरे, आणि फाकी त्याच्या निखाऱ्यांवर मगभर पाणी ओती.

"म्झे, तुम्ही मेलात ना, की नरकवाले तुम्हाला दारातूनच हाकलतील," ऊसी म्हणे. "म्हणतील, हा आला तर आमचा धंदा बसेल."

"मग तुझ्या शेजारी जागा मिळणार नाही म्हणायची," फाकी म्हणे आणि पुढे जाई.

त्याचं नाकही आवाजाच्या तोडीचं होतं. कुणी पालथ्या मडक्याखाली एक निखारा दडवला तरी तीन बोळांपलीकडून त्याला वास यायचा. एका नव्या नवरीने उदाची धुरी नुसती मनात आणली तर हा दाराशी हजर, असं बायका सांगत. गाव हसायचं, शिव्या द्यायचं आणि चुली विझवायचं. कारण किनाऱ्यावरचं दुसरं एक बंदर असंच एका दुपारी उडालं होतं, आणि तिथून आलेली माणसं मिकोकोनीत राहत होती. त्यांतल्या दोघांना पापण्या नव्हत्या.

फाकी कुणाला सूट देत नसे. आपल्या घरालाही नाही. आणि त्याच्या आयुष्याचं जे झालं ते इथेच झालं.

त्याचा मुलगा मकामे, त्याची बायको तातू. अंगाने काडी, पण हसली की अंगण भरायची. ती बाळंत झाली, मुलगी झाली. मिकोकोनीत बाळंतिणीच्या बाजेखाली चाळीस दिवस शेगडी धगधगती ठेवतात. ती शेगडी विझू द्यायची नाही, हे तिथल्या बायांना कुराणाइतकंच पाठ. सासू, म्हणजे फाकीची बायको बी झुएना, रात्रंदिवस निखारे पालटत होती. पहिला आठवडासुद्धा पुरा झाला नव्हता. बाहेर दक्षिणेचा वारा आणि पाऊस, खोलीच्या भिंतींना ओल सुटलेली, तातूच्या अंगात सकाळपासून कणकण. आणि बोयावर लाल बावटा चढला.

फाकी गाव फिरून शेवटी आपल्या दाराशी आला. हातात मग होता.

"बाबा, एवढी एक राहू द्या," मकामे म्हणाला. "दार लावून घेतो. खिडकीला गोधडी लावतो. धूर नाही, ज्वाळा नाही, नुसते निखारे आहेत."

"ऊसीचेही निखारेच होते."

"ऊसी बाळंत झालाय का, बाबा?"

फाकी बाजेखाली वाकला आणि पाणी ओतलं. त्या चर्रर आवाजाने तातू दचकून जागी झाली आणि एवढंच म्हणाली, "पाऊस आत आला का?"

मचव्यांचं काम वाऱ्याने रखडलं. बावटा उतरायला तीन दिवस गेले. तातू त्याआधी गेली, आणि तिच्या मागोमाग बाळ. सुईण म्हणाली, ताप आधीच हाडात शिरला होता, शेगडी असती तरी सांगता आलं नसतं. 'सांगता आलं नसतं' या तीन शब्दांवर फाकी पुढची सगळी वर्षं जगला. मकामे मात्र कबरीवरची माती ओली असतानाच पहिल्या मिळेल त्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जाताना आईच्या पाया पडला. बापाच्या अंगावरून, वाटेत खांब असावा तसा, वळसा घालून गेला.

त्या गावात बाप्यांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. झुएना नवऱ्याला जन्मभर 'बाबा मकामे' म्हणत आली होती. त्या दिवसापासून तिने त्याला 'म्झे' म्हणायला सुरुवात केली, रस्त्यावरच्या कुणाही म्हाताऱ्याला म्हणतात तसं. फाकीने कारण विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. मकामे गेल्यापासून त्याची खबर कधी या गलबतावरून तर कधी त्या गलबतावरून येई: जिवंत आहे, पुन्हा लग्न केलं नाही. आणि एका सकाळी लामूकडून आलेल्या गलबताचा नाखवा फाकीच्या ओट्यावर येऊन बसला.

"तुमचा मुलगा भेटला," तो म्हणाला. "या महिन्यात त्याचं जहाज तुमच्या बंदरावरून जाणार आहे. त्याने निरोप दिलाय. म्हणाला, मी डेकवरून आमच्या गच्चीकडे बघेन. तातूच्या शेगडीचा धूर वर येताना दिसला, तर कप्तानाची रजा घेऊन उतरेन आणि पुन्हा समुद्रावर जाणार नाही. नाही दिसला, तर आईला तिथूनच सलाम."

"आणि मला?" फाकीने विचारलं.

"तो धूर तुम्हीच करायचा, असं म्हणाला."

नाखवा गेल्यावर फाकी माळ्यावर चढला आणि ती शेगडी खाली आणली. तिच्या तळाला अजून राखेचा कडक पापुद्रा धरलेला होता, त्या दिवशीच्या पाण्याने थिजलेला. त्याने तो खरवडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याने गावातली नारळाची सोडणं गोळा करायला घेतली. ज्याने उभी हयात लोकांचा विस्तव विझवला तो आता सरपण सुकवत होता! गच्चीवर सोडणांचा असा डोंगर झाला, की खालून जाणाऱ्यांना वाटलं, फाकी वरचा मजला चढवतोय.

"म्झे, एवढं कशाला?" ऊसीने विचारलं.

"बकरीला."

"तुमच्याकडे बकरी कुठाय?"

"आणणार आहे."

"मोठी आणा," ऊसी म्हणाला. "ही सोडणं खाणारी बकरी म्हणजे हत्तीएवढी लागेल." आणि मान वळवून डोळे पुसले, कारण निरोप काय आहे हे तोवर साऱ्या मिकोकोनीला कळलं होतं. ज्या गावात गुपित मडक्याखालीही लपत नाही, तिथे ते नाखव्याच्या तोंडी कुठून राहणार?

झुएनाच्या गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिला होता, पण ती रोज जिना चढून वर येई, सोडणं उलटीपालटी करी, आणि नवऱ्याशी न बोलता खाली जाई.

जहाज आलं ते कोवळ्या उन्हाच्या वेळी. फाकी गच्चीवरच होता, हातात काडेपेटी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात काडेपेटी होती, आणि ती धरायची कशी हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. जहाज प्रवाळाच्या तोंडाशी आलं. आत वळेल म्हणून तो बघत राहिला. ते वळलं नाही. बाहेरच्या बोयाशी थांबलं, साखळी खडखडत खाली गेली, आणि डोलकाठीवर काहीतरी लाल वर चढलं.

बंदराच्या मनोऱ्यावर मचानो बसायचा, बावट्याला बावट्याने जवाब देणारा. त्याने आपला बावटा चढवला आणि मग, जे कधी करत नसे ते केलं. मनोरा उतरून धापा टाकत फाकीच्या दारात आला.

"फाकी, माझ्या हातात नव्हतं रे," तो म्हणाला. "हद्दीच्या कितीतरी वर माल आहे त्याच्या पोटात. आपल्यासाठी त्यातला थोडा उतरायचाय, बाकी पुढच्या बंदराचा. ते आत येणारच नाही."

"लाल बावटा आहे, मला दिसतोय," फाकी म्हणाला.

"आज तू नको ओरडूस. मी ओरडतो."

"तुझा आवाज तुझ्या बायकोलाही ऐकू जात नाही, मचानो."

आणि तो निघाला. त्या दिवशीची आरोळी ज्यांनी ऐकली ते सांगतात, की एकही नारळ पडला नाही. पहिल्या दोन ओळी तो म्हणे, आणि तिसरीपाशी आला की खोकल्याची ढास लागे. पण चुली अशा विझल्या जशा कधीच विझल्या नव्हत्या. फाकी दाराशी पोचायच्या आधी बाया आपल्या हातांनी पाणी ओतून बाजूला उभ्या राहत. ऊसीने तर त्याला बघताच पात्र धक्क्यावरून समुद्रात उपडं केलं. कुणी एक शिवी दिली नाही. फाकीला शिव्यांची एवढी भूक कधी लागली नव्हती.

मचव्यांचा तांडेल खतीबू शीड सोडत होता. फाकीने त्याला हाताला धरलं.

"खतीबू, वर मकामे आहे. त्याला सांग, लाल बावटा आहे म्हणून. त्याला कळेल."

"तुम्हीच चला की मचव्यावर."

"बावटा वर असताना आरोळीवाल्याने गाव सोडायचं नाही."

"अरे देवा, हाही नियमच का?" खतीबू म्हणाला. "तुमच्याकडे एखादा मोडका नियम शिल्लक नाही का हो, म्झे?"

खतीबू गेला. पहिली खेप घेऊन आला तेव्हा झुएना धक्क्यावर येऊन बसली होती; कशी आली होती तीच जाणे.

"भेटला?" तिने विचारलं.

"भेटला. दोर सोडत होता."

"कसा दिसतो?"

"केस पांढरे व्हायला लागलेत. डावा खांदा जरा खाली झालाय, म्झेंसारखा."

"जेवला होता?"

"त्यांचीही चूल बंद आहे, बी झुएना. कालचा पाव चावत होता." खतीबूने फाकीकडे वळून आवाज खाली आणला. "मी सांगितलं, बावटा आहे. तो म्हणाला, चाचा, हा नियम मला सांगू नका, मी त्या नियमाच्या घरात वाढलोय. सगळ्या गावाच्या चुली विझलेल्या मला इथून दिसताहेत. मी सगळ्या गावाच्या चुलीकडे बघत नाहीये."

"पुढे?"

"मी म्हटलं, अरे येड्या, धूर निघाला तर तुमचं जहाज नांगर उचलेल, मग तू उतरशील कसा? तो दोर सोडत राहिला." खतीबूने घाम पुसला. "आता एकच खेप उरलीय. ती झाली की ते जातील."

झुएना उठली. फाकीने हात पुढे केला, तिने तो धरला नाही, पण घरापर्यंत ती त्याच्या बरोबरीने चालली. दोघं गच्चीवर आली. समोर समुद्र लख्ख होता, आणि बोयावरचं जहाज एवढं स्पष्ट, की हात लांबवून त्याची डोलकाठी मोडावी. डेकवर माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. त्यांतली एक मुंगी कठड्याशी हलत नव्हती.

"तोच आहे," झुएना म्हणाली.

फाकी शेगडीपाशी उकिडवा बसला. काडेपेटी काढली आणि तशीच मुठीत धरून राहिला.

"आज जर मी ही पेटवली," तो हळूच म्हणाला, "तर त्या दिवशी का विझवली?"

"तेच तर तो विचारतोय."

"त्या दिवशी बरोबर होतो असं म्हणायचं असेल, तर आजही पेटवता येत नाही. आणि आज पेटवली तर मग ती पोर—" त्याने शेगडीचा काठ चाचपला. "सुईण म्हणाली होती, सांगता आलं नसतं."

"सुईण तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाली होती. तू एकदाही मला विचारलं नाहीस."

फाकीने वर पाहिलं.

"मलाही ठाऊक नाही," झुएना म्हणाली. "पण तातूचे पाय गार पडायला लागले, तेव्हा ती मला म्हणाली होती, आत्या, थोडा विस्तव. मी नाही दिला. तुझ्या मगाला घाबरले. तुला म्झे म्हणत होते, ती काय नुसती तुलाच शिक्षा वाटतं? मलाही होती."

खाली, खतीबूच्या मचव्याचं शीड शेवटच्या खेपेसाठी फुगलं.

"धूर निघाला की जहाज जाणार," फाकी म्हणाला. "ती तिसरी ओळ माझीच आहे. त्याला उतरता यायचं नाही."

"नाही निघाला तरी जाणारच आहे. तो जायचाच आहे रे. मला तो रिकाम्या डोळ्यांनी जायला नकोय."

पहिल्या तीन काड्या त्याच्या हातात मोडल्या. चौथी पेटली, ती झुएनाने तळहाताच्या आडोशाने सोडणांपर्यंत नेली. सुकलेली सोडणं ती! आधी पांढरे, मग दाट करडे असे धुराचे लोट उठले आणि वारा जणू त्या घटकेपुरता मेला असावा तसा तो धूर सरळ उभा राहिला, माडांच्या वर, मनोऱ्याच्या वर. गाव माना वर करून बघत राहिलं. कुणीही पाणी घेऊन धावलं नाही.

मनोऱ्यावर मचानोने तो पाहिला. त्याचं काम होतं भोंगा देण्याचं. म्हणतात, तो आधी तोंड धुवायला गेला, मग चपला शोधत बसला, मग भोंग्याच्या दोरीला पडलेली गाठ सोडवत राहिला. पण जहाजालाही डोळे होतेच. त्यांनी वाट बघितली नाही. जहाजाचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा, लांबलचक. मचव्याचे दोर कापले गेले, साखळी वर चढू लागली.

कठड्याशी उभी असलेली मुंगी पळाली. गच्चीवरून दिसलं, की ती मागच्या टोकाला गेली आणि तिने अंगातला सदरा काढला. पांढरा असावा. तो सदरा हवेत फिरू लागला, मोठ्या मोठ्या वळशांनी, पोरं पतंग गेल्यावर दोरा गुंडाळतात तसा.

झुएनाने दोन्ही हात उंच केले.

"त्याने बघितला," ती म्हणाली. "बाबा मकामे, त्याने बघितला."

फाकीने तोंड उघडलं. मुलाच्या नावाने हाक मारायची होती त्याला; बोयापर्यंत काय, बोयाच्या पलीकडे जाईल असा आवाज अल्लाने त्याला दिला होता. नुसती हवा बाहेर आली. सदरा लहान होत गेला, मग ठिपका, मग तिथे नुसतं पाणी.

बावटा उतरल्यावर 'चुली पेटवा' ही आरोळी देणं फाकीचंच काम. मचानोने बावटा उतरवला. गाव आरोळीची वाट बघत राहिलं. सूर्य माथ्यावर आला, कलला, आरोळी आली नाही, आणि मिकोकोनीत कुणी काडी ओढली नाही. पोरं भुकेने रडत होती, तरी नाही. साऱ्या गावात एकाच गच्चीवर धूर होता.

शेवटी ऊसी जिना चढून वर आला. त्याच्या हातात रिकामा चिमटा होता, कारण पात्र समुद्राच्या तळाशी होतं.

"म्झे," तो म्हणाला, "कॉफीला एक निखारा द्या."

फाकीने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग शेगडीतून सगळ्यात लाल निखारा निवडून त्याच्या चिमट्यात ठेवला. ऊसीमागून शेजारीण आली, खापराचा तुकडा घेऊन. तिच्यामागून खतीबूची बायको. मग जिन्यावर रांगच लागली. कुणी काय झालं हे विचारलं नाही. जो तो खापर पुढे करी, फाकी निखारा देई, आणि घेणारा तो हळूहळू फुंकत, जपत, जिना उतरून जाई.

संध्याकाळी शेगडीत काही उरलं नव्हतं. झुएना तिच्यापाशी बसून होती. तिने राखेत हात घातला आणि तळाचा तो जुना पापुद्रा बोटांनी चाचपला.

"तापलाय," ती म्हणाली.

फाकीने आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. दोघं तशीच बसून राहिली, राख गार होईपर्यंत.